प्रिंट नेमकी अडते कुठे? विंडोज, मॅक आणि लिनक्सवरील प्रिंटरच्या तक्रारी सोडवण्याची क्रमवार पद्धत

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची अडत असो, तासगाव किंवा मिरजेतील पतसंस्था असो, की तहसील कार्यालयाच्या आसपासचे सेवा केंद्र असो, तेथे संगणकावर नव्याने बसलेल्या कर्मचाऱ्याच्या वाट्याला "प्रिंट येत नाही" ही तक्रार लवकरच येते. समोर सातबाऱ्यासाठी किंवा पावतीसाठी माणूस ताटकळत उभा असतो, त्यामुळे हाताशी येईल तो उपाय करून पाहण्याची घाई होते, आणि बहुतेक वेळा पहिला घाव ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पडतो: तो काढला जातो, पुन्हा टाकला जातो आणि अर्धा तास जाऊनही परिस्थिती तीच राहते. ड्रायव्हर पुन्हा टाकणे हा उपाय चुकीचा नाही, परंतु तो सर्वांत शेवटी करावयाचा आहे. त्याआधी प्रिंट कोणत्या टप्प्यावर थांबली हे शोधले पाहिजे, आणि हा शोध बहुधा काही मिनिटांत लागतो.

कागदावर उमटण्यापूर्वी मजकुराला चार टप्पे पार करावे लागतात. ज्या अॅप्लिकेशनमध्ये मजकूर उघडला आहे ते पान ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करते. सिस्टिम ते पान रांगेत, म्हणजे स्पूलरमध्ये, साठवून ठेवते. ड्रायव्हर त्याचे त्या प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. आणि पोर्ट, मग तो यूएसबी केबलचा असो वा नेटवर्कचा, ते यंत्रापर्यंत पोहोचवतो. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स यांच्या पडद्यावरील मांडणी वेगळी असली तरी ही साखळी तिन्हींत आहे. मॅक आणि लिनक्स यांची छपाईची व्यवस्था तर मुळात एकच आहे. कप्स नावाची ही व्यवस्था १९९९ मध्ये आली आणि २००२ मध्ये अॅपलने ती आपल्या सिस्टिममध्ये घेतली. त्यामुळे एका ठिकाणी शिकलेले पुष्कळसे दुसरीकडे उपयोगी पडते.

सुरुवात यंत्रापासून

पहिली पायरी म्हणून संगणकाला हात न लावता प्रिंटर तपासावा. बऱ्याच प्रिंटरवर एखादे बटण काही सेकंद दाबून धरले असता चाचणीचे पान निघते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लाइन फीडचे बटण दाबून धरून चालू केला की तो स्वतःहून ओळी छापू लागतो. हे पान नीट आले तर कागद, शाई आणि यंत्र ठीक आहे आणि दोष पुढे आहे असे समजावे. पान आलेच नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या पायरीत नोटपॅडसारख्या साध्या अॅप्लिकेशनमध्ये एक ओळ लिहून ती छापून पाहावी. ही ओळ छापली जात असेल आणि केवळ एखादी पीडीएफ किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील पावती येत नसेल, तर रांग, ड्रायव्हर आणि पोर्ट हे तिन्ही टप्पे निर्दोष ठरले. दोष त्या फाइलमध्ये किंवा अॅप्लिकेशनमध्ये आहे. शक्य असल्यास तोच प्रिंटर दुसऱ्या संगणकालाही जोडून पाहावा. या चाचण्या करण्याचा कंटाळा येतो हे खरे, पण पुढचे सगळे काम त्यांच्यामुळेच आटोपशीर होते.

विंडोजवर: नाव, पोर्ट आणि रांग

'सेटिंग्ज'मधील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' हे पान उघडावे. विंडोज ११ मध्ये ते 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'खाली आणि विंडोज १० मध्ये 'डिव्हायसेस'खाली आहे. तेथे एकाच प्रिंटरची दोन नावे दिसतात का, आणि त्यांतील एकापुढे 'कॉपी १' असे लिहिले आहे का, हे प्रथम पाहावे. साफसफाईच्या वेळी काढलेली केबल परत लावताना वेगळ्या यूएसबी खाचेत गेली की विंडोज कधीकधी त्या प्रिंटरला नवा समजून दुसरी नोंद करते. जुनी नोंद मग ऑफलाइन दिसते, आणि अॅप्लिकेशन मात्र तिच्याकडेच प्रिंट पाठवत राहते. अशा वेळी जी नोंद चालू आहे ती मुख्य म्हणून निवडावी आणि दुसरी काढून टाकावी, किंवा केबल पूर्वीच्या खाचेत लावावी.

याच पानावर 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' असा एक पर्याय असतो. तो चालू असताना सर्वांत शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य ठरतो, त्यामुळे आधी एखादी पीडीएफ तयार केली असेल तर पुढची पावतीही कागदाऐवजी पीडीएफकडे वळू शकते. ज्या दुकानात पावतीचा एक आणि साध्या कागदाचा एक असे दोन प्रिंटर आहेत, तेथे हा पर्याय बंद ठेवणेच बरे.

प्रिंटर चालू असूनही 'ऑफलाइन' दिसत असेल, तर विंडोज १० मध्ये रांगेच्या खिडकीतील 'प्रिंटर' मेनू उघडून 'यूज प्रिंटर ऑफलाइन' आणि 'पॉज प्रिंटिंग' यांपुढे खूण नाही याची खात्री करावी. वायफायवर किंवा नेटवर्कच्या केबलवर असलेल्या प्रिंटरच्या बाबतीत कारण बहुधा पत्त्याचे असते. वीज जाऊन परत आली की राउटर प्रत्येक यंत्राला नव्याने आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ते यंत्र ओळखण्याचा क्रमांक, वाटतो आणि प्रिंटरला कालचाच पत्ता मिळेल याची हमी नसते. संगणक मात्र जुन्या पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो. पावसाळ्यात विजेचा लपंडाव सुरू झाला की ही तक्रार वाढते ती यामुळेच. कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणे, आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'पोर्ट्स' या भागात 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' निवडून तोच पत्ता भरणे. तेथे आधीपासून डब्ल्यूएसडी नावाचा, विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून तयार केलेला पोर्ट असेल, तर तो बदलून हा पोर्ट घेतल्यास अचानक ऑफलाइन होण्याचे प्रकार बरेच कमी होतात. पत्ता बरोबर असूनही प्रिंटर ऑफलाइनच दिसत असेल, तर 'कॉन्फिगर पोर्ट'मधील 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' यापुढील खूण काढून पाहावी. एसएनएमपीने विंडोज प्रिंटरकडे त्याच्या स्थितीची चौकशी करते; या चौकशीला काही प्रिंटर उत्तर देत नाहीत आणि विंडोज त्यांना बंद समजते.

आता रांगेकडे वळू. गळितात कारखान्याच्या काट्यावर पुढचा ट्रॅक्टर बंद पडला की मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, तसेच येथे घडते: पहिला जॉब, म्हणजे छपाईला पाठवलेले काम, बिघडला की पुढचे जॉब निर्दोष असूनही थांबून राहतात. 'कॅन्सल' म्हटल्यावरही तो 'डिलीटिंग' असे दाखवत तसाच राहिला, तर पुढील क्रम पाळावा. प्रथम प्रिंटर बंद करावा. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधून ती खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी, यादीतील 'प्रिंट स्पूलर' निवडून 'स्टॉप' करावे. नंतर सी ड्राइव्हमधील 'विंडोज', त्यातील 'सिस्टिम ३२', त्यातील 'स्पूल' आणि त्यातील 'प्रिंटर्स' हा फोल्डर उघडून आतील फाइली काढून टाकाव्यात. फोल्डर मात्र काढू नये. मग 'प्रिंट स्पूलर' पुन्हा 'स्टार्ट' करावा आणि शेवटी प्रिंटर चालू करावा. यामुळे त्या संगणकावरील सर्व प्रिंटरांच्या सर्व रांगा रिकाम्या होतात, म्हणून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे काही छापायचे राहिले आहे का, हे आधी विचारून घ्यावे. स्पूलर चालू केल्यावर काही क्षणांत पुन्हा बंद पडत असेल, तर रांग निर्दोष आहे आणि एखादा ड्रायव्हर बिघडलेला आहे असे धरून पुढे जावे.

शेअर केलेला प्रिंटर

पतसंस्थांमध्ये आणि अडतीच्या दुकानांत एकच प्रिंटर मुख्य संगणकाला केबलने जोडून बाकीच्यांना शेअर केलेला असतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या तक्रारी येथेच जन्मतात. मुख्य संगणक चालू असला पाहिजे आणि झोपी गेलेला नसावा, हे तर उघडच आहे. त्यापुढे पाहायचे ते खात्याचे. विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, म्हणून मुख्य संगणकावर पासवर्ड असलेले एक खाते असावे आणि प्रिंटर जोडताना तेच नाव व तोच पासवर्ड द्यावा.

दुसरा प्रकार '११बी' या अक्षरांनी संपणाऱ्या त्रुटी-क्रमांकाचा आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये सुरक्षेच्या मोठ्या फटी सापडल्या, त्यांतील एक 'प्रिंटनाइटमेअर' या नावाने गाजली, आणि त्या बुजवण्यासाठी आलेल्या अद्यतनांनी शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले. ऑगस्ट २०२१ पासून असा प्रिंटर जोडताना ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागू लागला, आणि सप्टेंबर २०२१ च्या अद्यतनानंतर दोन्ही संगणकांवरील अद्यतने जुळत नसतील तर ही ११बीची त्रुटी दिसू लागली. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीतील, एक किंमत शून्य केली की ही त्रुटी जाते, असा सल्ला इंटरनेटवर सर्वत्र मिळतो आणि त्याने काम होतेही. परंतु त्यामुळे जी फट बुजवली होती तीच पुन्हा उघडी पडते, आणि जेथे ठेवीदारांचे हिशेब आहेत तेथे हा सौदा करू नये. प्रथम दोन्ही संगणक पूर्ण अद्ययावत करावेत. तेवढ्याने भागले नाही आणि प्रिंटरला नेटवर्कची खाच किंवा वायफाय असेल, तर शेअरिंगचा नाद सोडून प्रिंटर थेट राउटरला जोडावा. मुख्य संगणकावर अवलंबून राहणे त्यामुळे संपते.

मुख्य संगणक ३२ बिटचा, जुन्या विंडोज ७ चा, आणि दुसरा नवा असेल तर आणखी एक अडचण येते. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते, त्यामुळे त्याला ६४ बिटचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे द्यावा लागतो. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने, जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, हेही व्यवस्थापकांच्या कानावर घालावे.

ड्रायव्हर: काढताना आणि टाकताना

एवढे करूनही प्रिंट येत नसेल, किंवा कागदावर निरर्थक चिन्हांच्या ओळीच्या ओळी येत असतील, तर ड्रायव्हरला हात घालावा. केवळ प्रिंटरची नोंद काढल्याने ड्रायव्हर जात नाही. म्हणूनच "काढून पुन्हा टाकला, तरी तेच" असा अनुभव येतो. नोंद काढल्यावर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडावे, त्यातील 'ड्रायव्हर्स' या भागात जाऊन तो ड्रायव्हर निवडावा आणि 'रिमूव्ह' करताना 'ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' हा पर्याय घ्यावा. तो वापरात आहे असा संदेश आला तर वर सांगितल्याप्रमाणे स्पूलर थांबवून लगेच चालू करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. नवा ड्रायव्हर उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, आपल्या विंडोजची आवृत्ती पाहून घ्यावा. यूएसबी केबल आधी काढून ठेवावी आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावावी. "सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो" असे म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळावीत.

आपल्याकडील झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत आजही दिसणारे कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे प्रिंटर या बाबतीत वेगळे आहेत. पान तयार करण्याचे बहुतेक काम ते स्वतः न करता संगणकावर सोपवतात, म्हणून त्यांच्या खास ड्रायव्हरशिवाय ते एक ओळही छापू शकत नाहीत, आणि दुसऱ्या प्रिंटरचा 'जवळपासचा' ड्रायव्हर त्यांना बहुधा चालत नाही. लेझरजेट १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, भरून घ्यावे लागते. विंडोजवर ड्रायव्हर हे मुकाट्याने करतो, लिनक्सवर मात्र त्याची तजवीज करावी लागते.

नवा प्रिंटर घेणाऱ्याने एक दिशा लक्षात ठेवावी. विंडोजमधून वितरित होणाऱ्या इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले असून, आयपीपी या समाईक पद्धतीने, वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याकडे तिचा कल आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' हा पर्याय त्याच दिशेचा आहे. कोणी तो उत्साहाने चालू केला तर वर सांगितलेले जुने प्रिंटर चालेनासे होतात. तेव्हा खरेदी करताना खोक्यावर 'एअरप्रिंट' किंवा 'मोप्रिया' या वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या पद्धतींपैकी एखादीचे नाव लिहिले आहे का, हे पाहावे.

मॅकवर

फोटो स्टुडिओ, लग्नपत्रिकांचे छापखाने आणि डिझाइनर यांच्याकडे मॅक असतो. एअरप्रिंटचा प्रिंटर असेल तर मॅकवर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. रांगेच्या खिडकीत प्रिंटर 'पॉज्ड' दिसत असेल तर 'रिझ्यूम' दाबावे. विंडोजवरून शेअर केलेल्या प्रिंटरवर 'होल्ड फॉर ऑथेंटिकेशन' असे येत असेल तर त्या जॉबपुढील फिरत्या बाणाचे चिन्ह दाबून विंडोजच्या खात्याचे नाव व पासवर्ड पुन्हा द्यावा. सर्व उपाय थकले तर 'सिस्टिम सेटिंग्ज'मधील 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' येथे प्रिंटरच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक करावे आणि 'रीसेट प्रिंटिंग सिस्टिम' निवडावे. यामुळे सगळ्याच प्रिंटरांच्या नोंदी आणि रांगा पुसल्या जातात, हे ध्यानात असू द्यावे. प्रिंटर पुन्हा जोडताना 'यूज' या यादीत एअरप्रिंट आणि कंपनीचा ड्रायव्हर असे दोन्ही पर्याय दिसले तर आधी एअरप्रिंट वापरून पाहावे.

लिनक्सवर

काही शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत उबंटू किंवा सी-डॅकची बॉस लिनक्स असते. दोन्ही डेबियनच्या कुळातील असल्याने पद्धत एकच आहे. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट', मग अपूर्णविराम आणि ६३१ हा अंक लिहिला की कप्सचे पान उघडते. तेथे 'प्रिंटर्स'मध्ये आपल्या प्रिंटरची स्थिती दिसते. कागद संपला किंवा केबल सुटली असता कप्स काही वेळा तो प्रिंटर थांबवून ठेवते आणि दोष दूर झाल्यावरही तो आपणहून सुरू होत नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. 'मेंटेनन्स'च्या यादीतून 'रिझ्यूम प्रिंटर' निवडावे. असे वारंवार होत असेल तर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'मधील 'पॉलिसीज'मध्ये त्रुटीचे धोरण 'स्टॉप प्रिंटर'वरून 'रिट्राय जॉब' असे करावे. पान पासवर्ड मागते आणि आपला स्वीकारत नाही, याचा अर्थ आपले खाते 'एलपीअॅडमिन' या गटात नाही. प्रयोगशाळेच्या प्रशासकाला तसे सांगावे.

'फिल्टर फेल्ड' असा संदेश दिसला तर यंत्र किंवा केबल तपासू नये, कारण अडचण रूपांतराच्या टप्प्यावर आहे: ड्रायव्हरचा एखादा भाग बसलेला नाही. एचपीच्या प्रिंटरांसाठी 'एचपीलिप' नावाचे सॉफ्टवेअर असते आणि काही मॉडेलांना त्याच्यासोबत एक प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, लागते. या दोहोंची आवृत्ती जुळावी लागते, म्हणून सिस्टिम अद्ययावत झाल्यावर कालपर्यंत चालणारा प्रिंटर गप्प बसला तर प्लगइन पुन्हा उतरवून घ्यावे.

मराठी अक्षरे, कागदाचे माप आणि डॉट मॅट्रिक्स

श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि तोच छापला जातो. यात प्रिंटरचा काहीही दोष नाही. तो फाँट त्या संगणकावर नाही एवढेच. ज्या संगणकावर पत्र तयार झाले तेथेच त्याची पीडीएफ करून आणावी. पीडीएफ पडद्यावर बरोबर दिसते, पण कागदावर जोडाक्षरे फुटतात किंवा वेलांट्या सरकतात, असे असेल तर अॅडोबी रीडरच्या प्रिंटच्या खिडकीत 'अॅडव्हान्स्ड' उघडून 'प्रिंट अॅज इमेज'पुढे खूण करावी. प्रिंट थोडी सावकाश येईल, पण अक्षरे जशी दिसतात तशीच येतील.

रांगेत जॉब आहे, त्रुटी कोठेही नाही आणि प्रिंटरचा दिवा लुकलुकत आहे, अशा वेळी कागदाचे माप पाहावे. ए४ हा २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर सुमारे २१६ बाय २७९ आणि लीगल सुमारे २१६ बाय ३५६ मिलिमीटर असतो. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची राहिली तर मूळ माप लेटर धरले जाते आणि ट्रेमध्ये ए४ असूनही प्रिंटर लेटर कागदाची वाट पाहत बसतो. ड्रायव्हरमध्ये आणि अॅप्लिकेशनमध्ये, दोन्ही ठिकाणी माप जुळले पाहिजे.

पासबुक आणि पावत्यांसाठीच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ओळी दर पावतीगणिक वर-खाली सरकत असतील तर कारण हेच असते, फक्त तेथे तयार माप मिळत नाही. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मधील 'फॉर्म्स' या भागात पावतीची लांबी-रुंदी मोजून नवा फॉर्म तयार करावा आणि प्रिंटरला तोच लावावा. जुन्या डॉस पद्धतीच्या सॉफ्टवेअरला यूएसबी प्रिंटर दिसत नाही, कारण ते एलपीटी १ या जुन्या पोर्टवरच लिहिते. तेव्हा प्रिंटर शेअर करून 'नेट यूज' या आज्ञेने एलपीटी १ त्याच्याशी जोडावा लागतो.

दुरुस्तीसाठी बाहेरच्या माणसाला बोलवायचे ठरले, तर फोन करण्यापूर्वी प्रिंटरचे पूर्ण मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, पोर्टचा प्रकार आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा कागदावर लिहून घ्यावा. पडद्याचा फोटो काढला तर उत्तम. चाचणीचे पान आले होते की नाही, हेही त्यातच लिहावे, कारण फोनवर तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.